छज्ज्यापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, माथ्यावर १९३७ कोरलेलं, कोपऱ्याला गोल वळलेल्या बाल्कन्या, आणि तुम्ही तिसऱ्या पिढीचे भाडेकरू. पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या आहेत. निम्मे शेजारी म्हणतात, ‘ही आर्ट डेको आहे, पाडता येणार नाही.’ उरलेले म्हणतात, ‘कसलं काय, साधी जुनी बिल्डिंग आहे, पोपडे पडतायत.’ तुम्हाला विचारायचंय ते हे: ती नक्की काय आहे, अशीच का बांधली, तिचा इतिहास कुठे सापडेल आणि ती टिकेल का.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. एकतीस वर्षं याच काळातल्या इमारतींच्या गच्च्यांवर, मोऱ्यांत आणि पाण्याच्या टाक्यांखाली गेली. तुमची इमारत पाहिल्याशिवाय ‘टिकेल’ किंवा ‘पडेल’ असं मी म्हणणार नाही, आणि जो फोटोवरून म्हणेल त्याचं ऐकू नका. पण ती वाचायची कशी, ते सांगता येईल.

आधी शेजाऱ्यांचा वाद मिटवू. दोघंही अर्धे बरोबर आहेत. ‘आर्ट डेको’ ही त्या काळातली बांधकामाची एक शैली, पण हा शब्द तुमच्या इमारतीच्या बांधणाऱ्यांनी कधी वापरला नसणार. १९२५ मध्ये पॅरिसला सजावटी कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यावरून हे नाव पुढे १९६० च्या दशकात रूढ झालं. १९३७ च्या मुंबईत याला नुसतं ‘मॉडर्न’ म्हणत. गंमत म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं होतं. नव्या घरात स्वयंपाकघर कसं असावं, न्हाणीघर कसं असावं, हे लोकांना दाखवायला. तुमच्या इमारतीचा गिलावा तेव्हा ओला असेल.

आणि नाही, आर्ट डेको आहे म्हणून आपोआप संरक्षण मिळत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला भाग म्हणजे ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्हची रांग. सगळ्या मिळून ९४ इमारती. दादर-माटुंगा त्यात नाही. तुमची इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, असली तर कोणत्या श्रेणीत, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारी यादी धरू नका.

आता इमारत. तिच्याआधी जमीन, कारण तिचा आकार निम्मा जमिनीने ठरवलाय.

१८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग पसरतो, अशी तेव्हाची समजूत. ट्रस्टने गावात चाळी पाडून रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या शेतवाड्यांवर रुंद रस्ते, बागा आणि आखीव प्लॉट टाकले. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागांचा परिसर हे सगळं त्यातलं. (पारशी कॉलनीमागे तर ट्रस्टमध्येच नोकरीला असलेले मंचरजी जोशी नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी आपल्या समाजासाठी १०३ प्लॉट राखून घेतले.) प्लॉट विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले, आणि पट्ट्यात अटी घातल्या: किती जागेवर बांधायचं, किती उंच, चारी बाजूंनी किती मोकळं सोडायचं.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम फार लावून धरला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या बांधकामाच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन ६३.५ अंशांहून जास्त होता कामा नये. गणित सोपं आहे: समोरची भिंत ४० फूट उंच असेल तर मधे निदान २० फूट मोकळं हवं. तुमच्या आणि शेजारच्या इमारतीमध्ये टेप लावून बघा. दुपारी दोन वाजता तुमच्या तळमजल्याच्या बेडरूममध्ये दिवा लावावा लागत नाही, याचं श्रेय त्या कोनाला आहे. पुनर्विकासाच्या नकाशात हे अंतर किती उरतं, ते आधी बघा. कार्पेट एरिया किती वाढतो याची सगळे चौकशी करतात, या अंतराची कुणी करत नाही.

या प्लॉटांवर जे उभं राहिलं त्याला आपल्या घरांत अजूनही ‘ब्लॉक’ म्हणतात. चाळीतून ब्लॉकमध्ये जाणं ही तेव्हा केवढी उडी होती, हे तुमच्या आजोबांनी सांगितलं असेल. मोरी आपली, संडास आपला, नळ आपला, दार लावलं की आपण वेगळे. पण तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना आहे का? किंवा संडासाला पॅसेजकडून एक आणि बाहेरून एक अशी दोन दारं? त्या जिन्याला लोक आज ‘फायर एस्केप’ म्हणतात. तो आगीसाठी नव्हता. सफाई करणाऱ्या माणसाने घरातून जाऊ नये म्हणून होता. घरात संडास घेणं हे पांढरपेशा सवर्ण कुटुंबांना सहज पचलेलं नाही. म्हणून तो मागच्या टोकाला, शक्यतो मधे पॅसेज किंवा छोटी गॅलरी सोडून, आणि जात पाळता यावी अशा वेगळ्या वाटेसकट. आधुनिक घराच्या नकाशात जात अशी लोखंडात बसवलेली आहे. इमारतीचा इतिहास लिहायला घेणार असाल तर दर्शनी भागाइतकीच जागा त्या जिन्याला द्या.

दर्शनी भागाबद्दल पुस्तकांत भरपूर सापडेल, मी थोडक्यात सांगते. आडव्या तीन-तीन रेघा, जहाजाच्या डेकसारखे नळीचे कठडे, जिन्याच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी काचेची पट्टी, फाटकाच्या जाळीत उगवता सूर्य, आणि इमारतीचं नाव ठसठशीत उठावाच्या अक्षरांत. यातलं काही ओव्हलसमोरून आणि मरीन ड्राइव्हवरून इकडे आलं. तिकडे बॅकबेला समुद्र हटवून केलेल्या भरावावर, ज्या योजनेतला घोटाळा वकील खुर्शेद नरीमन यांनी चव्हाट्यावर आणला त्याच भरावावर, पैसेवाल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. १९३३ ला रीगल आणि १९३८ ला इरॉस ही थिएटरं आली. गजानन बाबुराव म्हात्रे यांच्यासारखे मराठी आर्किटेक्ट त्यात आघाडीवर होते, ओव्हलसमोरची एम्प्रेस कोर्ट त्यांची. फोर्टातली १९३६ ची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची, तिच्यावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. दादरला आलं ते याच पद्धतीचं आटोपशीर रूप. संगमरवराऐवजी मोझेक, लिफ्टऐवजी जिना, पण वळण तेच. मला हे दादरचं रूप जास्त आवडतं. त्यात बडेजाव नाही, आणि मास्तर-कारकुनांच्या भाड्यात बसेल असं नेटकं काम आहे.

हे सगळं शक्य झालं ते सिमेंटमुळे. भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट निघू लागलं. १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज, झाली. विलायती गर्डर आणि बर्मा सागवानापेक्षा देशी सिमेंट आणि गोल सळया परवडू लागल्या. आणि काँक्रीटमध्ये एक गोष्ट करता येते जी दगड-विटांत करता येत नाही: पातळ पत्रा खालच्या आधाराशिवाय हवेत पुढे काढता येतो.

तोच तुमचा छज्जा.

खिडक्यांवरून इमारतभर पट्टीसारखा फिरणारा, कोपऱ्यावर गोल वळणारा. तो नटण्यासाठी आहे असं वाटतं, पण आधी तो पावसासाठी आहे. भर पावसात, वारा समोरून नसेल तर, तुमची जुनी दोन पाखांची खिडकी सताड उघडी ठेवता येते ती त्याच्यामुळे. ज्यांनी ती काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या त्यांच्या घरात वारा निम्मा झाला, कारण सरकती खिडकी कितीही ओढली तरी अर्धीच उघडते. मग एसी. मग एसीचा बाहेरचा डबा ठेवायला जागा हवी, तो ठेवतात छज्ज्यावर. इथून माझं काम सुरू होतं.

छज्जा भिंतीपाशी तीनेक इंच जाड असतो, कडेला दोन. घरातल्या स्लॅबवर वजन पडलं की तो मधे खाली वाकू बघतो, ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. छज्ज्याचं उलट. तो एका बाजूनेच धरलेला, टोक खाली झुकू बघतं, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर असावी लागते. आता १९३७ चं काम डोळ्यांसमोर आणा. पाट्या डोक्यावर घेऊन माणसं ओल्या काँक्रीटवरून, त्या सळयांवरूनच चालतायत. पाय पडला की सळई अर्धा इंच खाली. दोन-तीन इंचांच्या पत्र्यात अर्धा इंच म्हणजे बरंच बळ गेलं. आणि जी वरची बाजू सळईने सांभाळायची तिच्यावरच चार महिने पाऊस साचतो.

ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) साडेबारा-तेरा. अशा वातावरणात लोखंडावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, सामू नऊच्या खाली येतो, पापुद्रा मोडतो. याला कार्बनेशन म्हणतात. सळईवर काँक्रीटचं आवरण जाड असतं तर वेळ लागला असता. तुमच्या काळातल्या छज्ज्यांत मला बरेचदा अर्धा इंचही सापडत नाही. गंज लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. त्या फुगण्याने काँक्रीट फुटतं. म्हणजे पोपडा हे रोगाचं शेवटचं लक्षण. रोग आत बरीच वर्षं आधीच लागलेला असतो.

म्हणून मी कुठल्याही बैठकीत सांगते, इमारतीची तपासणी छज्ज्यापासून सुरू करा. बांधणाऱ्यांनी सर्वांत जास्त धाडस जिथे केलं, तिथेच इमारत आधी म्हातारी होते. छज्जे, बाल्कन्यांची टोकं, गच्चीचा कठडा, टाकीचं तळ. आणि यांची अवस्था वाईट असली तरी आतले खांब, भिंती ठणठणीत असू शकतात. पडलेल्या छज्ज्याचा फोटो दाखवून अख्खी इमारत मोडकळीला आली म्हणणं म्हणजे दात किडले म्हणून माणूस गेला म्हणण्यासारखं.

यात मी स्वतः चूक केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माटुंग्याच्या अशाच एका इमारतीचे छज्जे दुरुस्त करायला घेतले होते. ठेकेदाराने सैल काँक्रीट खरवडलं, गंजक्या सळयांवर नुसता ब्रश मारला, वर जाड गिलावा चढवला आणि रंग दिला. मी सही केली. इमारत लग्नाच्या मांडवासारखी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा चार फुटांचा तुकडा फाटकापाशी येऊन पडला. पहाटेची वेळ होती, दूधवाला नुकताच आत गेला होता. गिलाव्याने छज्ज्याचं वजन वाढवलं होतं आणि बळ तिळभरही वाढवलं नव्हतं. शिवाय आणखी एक गोष्ट झाली होती, जी मी आज सगळ्यांत आधी बघते: छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी कडेवरून वळून खाली सरकत भिंतीकडे येऊ नये, तिथेच ठिबकून पडावं म्हणून. ती आमच्या गवंड्याने ‘साफ फिनिश’ म्हणून बुजवली होती. तुमच्या छज्ज्यांची खाच शाबूत आहे का, ते खालून बघा. नव्वद टक्के ठिकाणी ती रंगाच्या थरांत बुजलेली असते.

नीट दुरुस्ती करायची म्हणजे सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट काढायचं, सळई चकचकीत होईस्तोवर घासायची, जिथे ती फार झिजलीय तिथे नवी जोडायची, गंजरोधक थर, मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर. छज्जा फारच गेला असेल तर तो कापून त्याच आकाराचा नवा ओतावा. त्यात काही पाप नाही. आकार जपायचा असतो, कुजलेलं काँक्रीट नव्हे.

एक सोपी परीक्षा सांगते. इंजिनिअर तुटलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचा फवारा मारतो, ते शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून सळईला जपतंय. जिथे रंग येत नाही तिथे नाही. तपासणीच्या वेळी समोर उभं राहून बघा, मोबाइलवर फोटो काढा. पाचपन्नास पानी अहवालातली काँक्रीट तपासणाऱ्या हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्यांच्या आकड्यांची कोष्टकं तुम्हाला कळणार नाहीत, गुलाबी रंग कळेल.

दुसरी परीक्षा भिंतींची. या काळात दोन प्रकार सर्रास आढळतात: काँक्रीटच्या खांब-तुळयांचा सांगाडा, किंवा विटांच्या भार पेलणाऱ्या भिंती आणि वर फक्त स्लॅब काँक्रीटचा. तळमजल्यावर खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजा, मग तिसऱ्या मजल्यावर. खाली अठरा इंच आणि वर नऊ अशी कमी होत गेली असेल तर भिंती भार घेतायत. अशा इमारतीत तळमजल्याच्या दुकानदाराने किंवा पहिल्या मजल्यावरच्या कुणी ‘हॉल मोठा करायला’ मधली भिंत काढली आहे का, हे शोधणं छज्ज्यापेक्षाही तातडीचं. आणि मोझेकच्या लाद्या अॅसिडने धुऊ नका. त्या भाजलेल्या नाहीत, दाबून घट्ट केलेलं सिमेंट आहे; अॅसिड वरचा रंगीत थर खातं.

आता, इमारत अशी का झाली? मीठ-पाऊस सगळीकडेच आहे. पण तुमच्या इमारतीचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं. युद्धकाळातली सोय म्हणून सुरू झालेलं नियंत्रण १९४७ च्या कायद्याने पक्कं झालं आणि टिकून राहिलं. त्यामुळे तुमच्या आजोबांसारखी हजारो माणसं या शहरात राहू शकली, हे खरं. आणि त्या भाड्यात घरमालकाला परांची बांधायचाही खर्च निघेना, हेही खरं. पडझडी वाढल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, इमारतींवर उपकर बसला. तेव्हा शहरात अशा १९ हजार ६४२ इमारती मोजल्या होत्या. तुमची १९४० च्या आधीची, म्हणजे ‘अ’ वर्गात. मंडळाच्या दुरुस्तीत टेकू येतात, लोखंडी गर्डर येतात, कधी मोझेकवर सिमेंटचा कोबा येतो. जीव वाचतो, इमारतीचा चेहरा जातो. मी कुणा एकाला दोष देत नाही. ज्याला इमारतीची काळजी होती त्याच्याकडे पैसा नव्हता आणि ज्याचा पैसा होता त्याला काळजीचं कारण नव्हतं.

कागद कुठे मिळतील? दोन-तीन जागा सांगते, बाकीच्या तिथून सापडतील. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, त्यावर पट्टेदारांची नावं क्रमाने असतात. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे मूळ भाडेपट्टा पालिकेच्या इस्टेट विभागात असायला हवा. तो मागा, कारण त्यातल्या अटी आणि मुदत पुनर्विकासातही महत्त्वाच्या ठरतात. करआकारणीच्या जुन्या नोंदींत इमारत पहिल्यांदा कधी आली ते कळतं. माथ्यावरचं १९३७ नेहमी खरं असतंच असं नाही, कधी ते पायाभरणीचं असतं, कधी वास्तुशांतीचं. आणि घरातलीच एक गोष्ट: कुठे लादी निघाली असेल तर ती उलटी करा. मागे कारखान्याचा छाप असतो. पहिल्या भाडेपावत्या, लाकडी पट्टीतली जुनी वायर, चिनी मातीची बटणं, सगळ्यांचे फोटो घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आजी असतील तर कागदांच्या आधी त्यांच्याकडे जा.

बैठकीत एकच आग्रह धरा. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. ते करणारा इंजिनिअर कोण नेमतोय आणि त्याचे पैसे कोण देतोय, हे इतिवृत्तात लिहून घ्या. बिल्डरने नेमलेल्याचा अहवाल आला असेल तर दुसरा स्वतः वर्गणी काढून करून घ्या. अहवालात ‘सी-१’ लिहिलं तर इमारत रिकामी करून पाडायची, ‘सी-२’ म्हणजे मोठी दुरुस्ती, ‘सी-३’ किरकोळ. या एका आकड्यावर तुमच्या घराचं सगळं ठरतं. दोन्ही अहवालांनंतरही पाडायचं ठरलं, तर मी अडवायला येणार नाही. गळक्या घरात राहणाऱ्यांना बाहेरच्यांनी सौंदर्य शिकवू नये.

ऑडिटची घाई मे महिन्यात करू नका. कोरड्या दिवसांत ओल दिसत नाही. गणपती उठले की भिंती पाणी पिऊन बसलेल्या असतात, तेव्हा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जायची परवानगी काढा आणि दुर्बीण घेऊन एकेक मजल्याचे छज्जे बघा: कुठे तपकिरी ओघळ आहेत, कुठे कडेला पिंपळ आलाय, कुठे एसीचा डबा आहे. मजल्यावार कागदावर खुणा करा. ते चित्र आणि फाटकाचा एक फोटो पाठवलात तर पुढचं बोलू.